कोरडी पायरी

ज्वालामुखी झोपलेला असला, तरी त्याच्या काठावर रिकाम्या हाताने उभं राहणं मला जमेना. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही कॅरिबियन बेटावरचा तो डोंगर चढलो, तेव्हा बॅकपॅकमधून नारळ, तांदूळ आणि हिरवा खण काढून मी त्याची ओटी भरली.

"अगं, हा डोंगर म्हणजे देवी आहे का?" माझा नवरा शैलेंद्र हसला.

"पोटात निखारे सांभाळून निजलीय, म्हणजे बाईच!"

उतरायच्या घाईत ओटीतले चिमूटभर तांदूळ परत घ्यायचे मात्र राहिले. ते घ्यायचे असतात.

कॅनडात, रेजिनाला घरी परतलो, तर उणे तीस. शैलेंद्र रोज ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करतो, पण दारातल्या पायरीवर बर्फ टिकतच नव्हता. "घरातली हीट लीक होतेय," म्हणत त्याने दाराचं सील बदललं. तरी दोन पावलं मावतील एवढी जागा कोरडीच राहिली.

मला भीती वाटत नव्हती. इतक्या थंडीत एवढं निवांत कोण उभं राहतं, ते बघायचं होतं.

आज दुपारी बेल वाजली. लेकीने, रुचाने, खिडकीतून पाहिलं. "आई, देअर्स नोबडी देअर."

मी जॅकेट अडकवून दार उघडलं. बर्फ पडत होता आणि पायरीवर पोचण्याआधीच विरत होता. सवयीने मी जॅकेटची कड पदरासारखी पुढे धरली.

तीत चिमूटभर तांदूळ पडले. गरम होते.

मग पायरीवर बर्फ साचू लागला.

"आई," मागून रुचा म्हणाली, "व्हाय इज द फ्लोअर सो वॉर्म?"