रानडुकराचा चावा

न्हाव्यानं फेस घोटला, गिऱ्हाइकाची हनुवटी चाचपली आणि तो चपापला. चाळिशीकडे झुकलेल्या या धिप्पाड माणसाला मिसरूडसुद्धा फुटलेलं नव्हतं.

"ओळखलंस?"

आवाज कोवळ्या पोराचा होता. त्याच आवाजापायी नेपल्सची नाटकगृहं वेडी झाली होती. तो फुटू नये म्हणून तीस वर्षांपूर्वी याच दुकानात, याच न्हाव्यानं त्याला खच्ची केलं होतं. धर्मपीठाची बंदी होती, म्हणून गावभर सांगितलं, पोराला रानडुक्कर चावलं.

"तुमच्या वडलांनीच आणलं होतं, हुजूर. आज केवढं नाव झालंय तुमचं!"

गायक नुसता जाब विचारायला आला होता. तेवढ्यात वाऱ्यानं आतला पडदा उडाला. मागे, तीस वर्षांपूर्वी त्याला ज्यात बसवलं होतं, तेच घंगाळ वाफाळत होतं आणि शेजारी कुणाचं तरी पोर अफूच्या गुंगीत पेंगत होतं.

त्याचं डोकंच फिरलं. त्यानं वस्तरा हिसकावला, न्हाव्याचा उजवा हात फळीवर दाबला आणि अंगठा सांध्यातून कापून काढला. रक्ताची चिळकांडी फेसाच्या वाटीत उडाली.

"फासावर चढवतो तुला!" न्हावी गुरासारखा ओरडला.

आरोळी ऐकून शिपाई धावत आला. गायक पळाला नाही. पुन्हा खाली पडलेल्या पडद्याची कड मुठीत धरून तो शांतपणे उभा राहिला.

"कुणी केलं हे?" शिपायानं विचारलं.

न्हाव्यानं त्या मुठीकडे पाहिलं. ओठांवर आलेलं नाव त्यानं गिळलं.

"रानडुक्कर," तो कण्हत म्हणाला. "रानडुक्कर चावलं."