फ्लॅशमधली गिरकी

नौबादच्या क्लबातल्या अंधारात मी फ्लॅश छताकडे वळवून फोटो काढतो. छतावरून परतणारा उजेड चेहऱ्यांवर हळुवार उतरतो.

त्या रात्री मंजुश्री नाचत होती. इतकी देखणी गिरकी मी कधीच पाहिली नव्हती. ती निसटू नये, एवढीच माझी इच्छा होती.

फ्लॅश उडाला. बाकीचे नाचत राहिले. ती मात्र क्षणभर तशीच थबकली, मग हसली.

"फोटोवाले अण्णा, कामून लाजायलाव? अजून एक काढा की!"

या वेळी ती बराच वेळ थबकली.

"बास करू?" मी घाबरून विचारले.

"न्हाई. लई छान वाटायलंय."

मी पुन्हा फ्लॅश उडवला.

गाणे संपले, दिवे लागले, माणसे पांगली. मंजुश्री गिरकीतच उभी होती, आणि हवेत उधळलेले तिचे केस अजून खाली आले नव्हते.