आतला थर

दांडिया बाजारातल्या देवळात बाळकृष्णाला थंडीत पांघरायची गोधडी दरवर्षी चारुलताबाईच शिवत. त्या गोधडीला आतून-बाहेरून कोरंच कापड लागतं. वापरलेलं देवाला चालत नाही. यंदा अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं रात्रंदिवस करता करता त्या इतक्या थकल्या की कापड आणायला जायचंही त्राण उरलं नाही. शेवटी स्वतःचीच धुऊन धुऊन मऊ झालेली साडी त्यांनी आत घातली आणि वरून कोरा खण लावून टाके घातले, आणि गोधडी देवळात पोचवली.

दुसऱ्या दिवशी देवळातले गुरुजी दारात दिसले तेव्हा चारुलताबाईंना वाटलं, आतली साडी कळली.

"वहिनी, काय ऊब आहे हो गोधडीला! पहाटे देवाला उठवायचं अगदी जिवावर आलं."

आतून सासूबाईंची हाक आली. चारुलताबाई वळता वळता म्हणाल्या,



"मग निजू द्यायचं होतं की! आम्हा दोघांपैकी एकाची तरी झोप झाली असती."