न परतलेला डबा

दिवाळीत शेजारच्या ग्रॅहमआजोबांकडे फराळाचा डबा ओवीच देऊन आली होती. साउथ आयलंडच्या त्या एवढ्याशा गावात डबा जाऊन जाऊन जाणार कुठे? पण ख्रिसमस उलटला तरी तो काही परत आला नाही. मग सदानकदा रहस्यकादंबऱ्यांत बुडालेल्या तेरा वर्षांच्या ओवीने केस हातात घेतली आणि थेट संशयिताचं दार वाजवलं.

डबा ओट्यावरच होता, लख्ख घासलेला.

"तुमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, असं तूच सांगितलं होतंस ना?" आजोबा ओशाळून म्हणाले. "बायको गेल्यापासून या घरात टोस्टशिवाय काही होत नाही गं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजोबा स्वतः डबा घेऊन आले. आत बेसनाचे वेडेवाकडे लाडू होते. आईने तिथल्या तिथे एक खाल्ला, "मस्त झालेत, ग्रॅहम!" म्हणाली, आणि आजोबा लाजत, हसत घरी गेले.

"केस क्लोज्ड, आई," ओवी म्हणाली.

आईने लेकीकडे डोळे भरून पाहिलं. "शाब्बास! आता पळत दुकानात जा. आपला बेसनाचा डबा कालपासून रिकामा आहे."