कमरेत दोन बोटं

"कमरेत दोन बोटं सैल करा," लष्करी कोट टेबलावर पसरत वहिनी म्हणाल्या. "पोट सुटलंय त्यांचं."

"लाड कमी करा की जरा," शिंपी म्हणाला.

"ऐकतात होय ते कुणाचं!"

दोघंही हसले. दुपारचं ऊन काचेतून आत येऊन ताग्यांवर सुस्तावलं होतं. त्यात सुताचे बारीक तंतू तरंगत होते.

कोटावरचं पदक चमकलं. जखमी मित्राला पाठीवर घेऊन गोळीबारातून आणल्याबद्दल मिळालेलं. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ती गोष्ट तोंडपाठ होती.

शिंप्याने पदक अलगद काढून ठेवलं आणि कडेची शिवण उसवली. कोट एवढा जुना, पण कोपरं झिजलेली नाहीत, कॉलरला घामाचा डाग नाही. असा जपून वापरणारा माणूस विरळाच.

उसवता उसवता त्याचा हात थांबला. दरवर्षी सैल करता करता शिवणीतली माया संपली होती. आत कापडच उरलं नव्हतं.

"वहिनी, आता नाही वाढायचा हा."

त्यांचा चेहरा पडला. "मग त्यांनी घालायचं काय?"

"नवा शिवतो."

"नवा नको. हाच हवा." त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "काहीतरी करा, भावजी. नाही म्हणू नका."

शिंपी लंगडत आत गेला. येताना त्याने एक जुना कोट आणला. तोच रंग, तेच कापड, बाहीवर तीच निशाणी. कात्री लावायला त्याचा जीव होईना. मग त्याने कडेच्या दोन पट्ट्या कापल्या.

मशीन बराच वेळ चालत राहिलं. त्या आवाजात वहिनींचे डोळे मिटले. कुठेतरी दूर पोचल्यासारख्या त्या मंद हसत होत्या.

"झाला," शिंपी म्हणाला.

"घाला बघू."

नेहमीप्रमाणे मापाला शिंपीच उभा राहिला.

"पोट आत ओढू नका. लबाडी चालायची नाही."

त्याने मुकाट्याने पोट सोडलं. वहिनींनी गुंड्या लावल्या, पदक टाचलं, खांद्यावरचा दोरा झटकला आणि मागे सरून डोळे भरून पाहिलं.

"आज असेच दिसले असते, नाही?"

शिंप्याने छातीवरच्या पदकाला हलकेच बोट लावलं.

"तुम्हाला पाठीवरून उतरवलं आणि तिथेच गेले, तेव्हा मिसरूडसुद्धा कोवळं होतं त्यांचं." त्यांनी शेवटची गुंडी हलकेच सारखी केली. "मी एकटीनेच कसं म्हातारं व्हायचं, भावजी?"