पाहुण्यांचा खांब

खांबात पेनाचं टोक शिरलं. नागसेनने ते फिरवलं, तशी वाळू भुरभुरत त्याच्या बुटावर पडली. त्याने जोर दिला. पेन अर्धं आत गेलं.

तो तिथे तपासणीला आलाच नव्हता. लघवीला आला होता. तीर्थपुरीत मुलींच्या वसतिगृहाचं काम सात महिने चाललं होतं. प्रकल्प व्यवस्थापक म्हणून तो दर मंगळवारी जालन्याहून यायचा, पण इमारतीच्या मागच्या खोल्यांत आज पहिल्यांदाच. इथे स्लॅबला टेकू दिलेल्या बल्ल्यांची गर्दी होती. पायाखाली हिरवट पाणी साचलं होतं, भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या होत्या. मुताचा वास नाकातून घशात उतरत होता. पण त्याला खरी किळस आली ती खांबाची. वरून सिमेंटचं पाणी फासून खांब गुळगुळीत केला होता. सालपट निघालं की आत नुसती खडी आणि वाळू, एकमेकांना न चिकटलेली.

त्याने गाडीतून चाचणीचा हॅमर आणला. काँक्रीटवर दाबला की आतली स्प्रिंग उसळते आणि उसळीचा आकडा दिसतो. इथे तो तीसच्या वर हवा होता. नागसेनने प्रत्येक खांबावर दहा-दहा ठोके दिले आणि सरासरी काढली. पहिला पंधरा. दुसरा सतरा. तिसरा चौदा. तो तसाच दारापर्यंत गेला आणि दारातल्या खांबाला ठोकलं. छत्तीस.

"ओ साहेब, आज मागून निघालात? वाट चुकले का काय?" नंदाबाईने डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं. "बूट पाहा, पार लोळून आल्यावानी झालेत."

"मिस्त्रींना बोलवा."

भुजंग मिस्त्री हात पुसत आला. नागसेनने त्याला मागच्या खोलीत नेलं आणि पेन पुन्हा खांबात खुपसलं. नंदाबाई मागोमाग येऊन दारात उभी राहिली.

"हे काय आहे, मिस्त्री?"

"खांब हाय, साहेब."

"याला खांब म्हणता? साठ मुली झोपणार आहेत या छताखाली. लाज नाही वाटत?"

नंदाबाईने पदर तोंडाला लावला.

"दारातला तेवढा बराबर हाय," ती म्हणाली. "त्यो पाव्हण्यांचा खांब."

"कुणाचा?"

"पाव्हण्यांचा. त्याचा माल मी अलग कालवते. मिस्त्री म्हणतेत, नंदे, पाव्हण्याला सिमेंट दुप्पट टाक. साहेब लोक येतेत, तिथंच खुर्ची टाकतेत, तिथंच ठोकतेत."

भुजंगने तिच्याकडे रागाने पाहिलं. म्हणजे पक्कं काँक्रीट कसं होतं हे या माणसांना नीट माहीत होतं. ते एका खांबापुरतं करतही होती. त्याने फोन काढला, खांबांचे फोटो घेतले आणि मुख्य कचेरीला पत्र लिहायला घेतलं. कंत्राटदाराकडून फसवणूक. काम तातडीने थांबवावं. खांब पाडावेत. गुन्हा नोंदवावा.

"ही अक्कल कोणाची?" लिहिता लिहिता त्याने विचारलं. "तुमच्या मालकाची ना? नाव सांगा, मी इथे लिहितो."

"सिमेंट कमी टाका, हे मालकाचं," भुजंग म्हणाला. "लिहा बिलकुल. पन एकच खांब पक्का करायचा, हे आम्ही तुमच्याकडून शिकलो, साहेब."

"माझ्याकडून?"

"आष्टीच्या शाळेवर. तिथं काम दारापासून सुरू केल्तं, तवा माल बराबर व्हता. मागं जाता जाता सिमेंट तुटत गेलं. तुम्ही चाचणीला आल्ते. आम्ही लई भ्यालो, आता हे आत शिरनार म्हनून. तुम्ही दारातल्या खांबाला ठोकलं, आतला चिखल पाह्यला, अन् खुर्चीवर बसले. बाकीच्या खांबांचे आकडे चहा पिता पिता लिहिले. पस्तीस, सदतीस, छत्तीस. म्या मागंच उभा व्हतो."

नागसेनचा अंगठा फोनवर थांबला.

"आष्टीचे मागचे खांब असेच आहेत?"

"याच्याहून खराब." भुजंगने आवाज खाली आणला. "इथलं पाडा, साहेब. आम्ही फिरून भरतो. मालकाला काय लावायचं ते लावा. पन आष्टीचं कोन इचारून राह्यलं? वरीस झालं, शाळा भरून राह्यली. तुमचंबी नाव चांगलं ऱ्हाईल."

पत्र तयार होतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. आष्टीचं नाव त्यात कुठेच नव्हतं. अंगठा टेकवला असता तर जिल्ह्यात एक प्रामाणिक माणूस म्हणून त्याचं नाव झालं असतं. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. त्याने पत्र तसंच ठेवलं आणि आष्टीच्या शाळेला फोन लावला.

मुख्याध्यापिका वंदना मॅडमनी उचलला. मागे पोरं तेराचा पाढा ओरडत होती.

"मॅडम, सगळ्या मुलांना आत्ताच्या आत्ता मैदानात न्या. मागचे वर्ग आधी रिकामे करा. मागचे खांब कच्चे आहेत."

"काहीतरीच काय!" मॅडमचा आवाज चढला. "इमारत सुरक्षित असल्याचा दाखला आहे आमच्याकडे. माझ्या टेबलावरच्या फाइलीत आहे. एकेका खांबाचा आकडा लिहिलाय त्यात. तुम्ही कोण बोलताय?"

"ते आकडे लिहिणारा," नागसेन म्हणाला.