काकूविसळ

धुतलेलं भांडं कुणी पुन्हा धुतलं, की आमच्या घरात त्याला 'काकूविसळ' म्हणतात. लग्नानंतर आठवडाभरात मीही म्हणायला लागले. काल चुलतसासूबाई, म्हणजे त्याच काकू, आल्या होत्या. चहा झाल्यावर त्यांनी आपला कप स्वतःच घासला, विसळला आणि परत घासायला घेतला.

"काकू, लख्ख झाला की! आता काय त्याचा जीव घेता?"

"सवय गं. या घरात आले आणि छातीचं दुखणं जडलं, टीबी. बरी झाले, तरी माझ्या कपाला कुणी हात लावेना. तुझी सासू म्हणाली, तुझा तूच धू, आणि दोनदा धू."

त्यांनी कप इतर कपांपासून लांब पालथा घातला. बाहेरून सासूबाई हसत ओरडल्या, "झाली का गं तिची काकूविसळ?"